डावीकडं वडतंय

सातगोंडानं एवढंच सांगितलं,
चहाचा ग्लास तोंडाला लावायच्या आधी:
सकाळी गप असतंय, ताई.
उन्हं वर आली की डावीकडं वडतंय.

शिरोलीच्या फौंड्रीतलं स्किड स्टीअर.
बकेटच्या दातांत अजून काळी वाळू,
मागच्या टायरात रुतलेला एक खिळा.
शेठचा फोन आधीच येऊन गेलेला:
पंप बदला, बिल लावा, संध्याकाळी गाडी द्या.

मी पंपाला हात लावला नाही.
ही सवय दस्तगीर मिस्त्रींनी लावली,
पान्याच्या उलट्या टोकानं, बोटांवर:
आधी विचार, मग खोल.

म्हणून होस उलटसुलट जोडले,
डाव्याचं तेल उजव्याला, उजव्याचं डाव्याला.
खोट पंपात असती तर दुखणं
बाजू बदलून पलीकडं गेलं असतं.
नाही गेलं.
डावीकडंच बसून राहिलं
वाटणीत आलेल्या तुकड्यावर बसावं तसं.

गार तेल खोटं बोलतं.
जाड असतं, फटी झाकून घेतं.
अर्धा तास मशीन तापवलं,
पोट ओंडक्यांवर, चाकं साखळीनं करकचून बांधलेली.
आता तेलाला पुढं वाट नाही.
दाब चढेल,
आणि जे निसटेल ते आतल्या आत निसटलेलं असेल.

केस ड्रेनची बारीक नळी सोडली.
टाकीकडच्या तोंडाला बूच मारलं,
मोटारीकडचं उघडं ठेवलं.
तिथं बूच मारलं की शाफ्टचं सील फाटतं.
मिस्त्रींच्या हातून एकदा फाटलं होतं,
नव्या पोराला ते स्वतःच सांगायचे
आणि भिंतीवरचा डाग दाखवायचे.

माप आमच्या घरचं, दुधाचं, लिटरचं.
वडील गंगावेशीत म्हशी घेऊन उभे राहायचे
तेव्हाचं. एका बाजूला पोचा.
गिऱ्हाईक फेस खाली बसायची वाट बघायचं,
वडील दुसरीकडं बघायचे.
तेलालाही फेस येतो.
मी फेस मोजत नाही.

उजवी मोटार: मिनिटभरात
तळ दोन बोटं भिजला.
डावी: बावीस सेकंदांत
माप भरून काठावरून मनगटावर आलं, चटका देत.
सातगोंडा म्हणाला, आयला.
मी मोबाईलवरचं घड्याळ थांबवलं
आणि पुन्हा एकदा मोजलं. चोवीस.

ती दोन बोटं गळायलाच हवीत,
नाहीतर आतलं आत घासून जळतं.
हे शेठला सांगत बसले नाही.
म्हटलं, पंप चांगला आहे. मोटार गेलीय.
पलीकडून बराच वेळ फक्त
भट्टीच्या पंख्याचा आवाज.

उघडली तर आत काही फुटलेलं नव्हतं.
प्लेटवर केसाएवढी एक ओळ,
वाळूच्या कणानं फिरून फिरून ओढलेली.
डोळ्याला दिसली नाही.
नखाला लागली.

पाचव्या दिवशी सातगोंडा सीटवर बसला.
गेटमधून बाहेर, उद्यमनगरच्या गल्लीत,
मशीन सुतासारखं निघालं
आणि दहा पावलांवर उजवीकडं वळत वळत
शेजारच्या लेथवाल्याच्या
भुग्याच्या पिंपाला जाऊन टेकलं.

तो उतरला. चाकांकडं बघितलं,
माझ्याकडं बघितलं.
आता उजवीकडं वडतंय, म्हणाला.

मी त्याच्या उजव्या हाताकडं बघत होते.
सहा महिने लिव्हर मागं धरून धरून
मनगट आत वळलेलं,
जमिनीवर उभा होता तरी
मूठ अजून अर्धी मिटलेली.

हात सोड, म्हटलं.

सोडलाय की, ताई.